स्नायपर आणि शूर सैनिक: कुणाविषयी वाचावे?

डिचोलीकर

भाचा बारावीला आहे, एनडीएची, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीची, तयारी चालू आहे. अभ्यास कमी आणि मोबाइलवर बंदुकीचे खेळ जास्त. परवा त्याने विचारले, "मामा, जगातला सगळ्यात भारी स्नायपर कोण?" मला त्यातले ओ का ठो कळत नव्हते. त्याला उत्तर द्यायचे म्हणून वाचायला बसलो आणि आता तो राहिला बाजूला, मीच जागतोय. सुरुवात मी करतो, पुढे तुम्ही भर घाला.

माझी पहिली पसंती सिमो हायहा. फिनलंडचा शेतकरी, उंची जेमतेम सव्वापाच फूट. 30 नोव्हेंबर 1939 ला सोव्हिएत फौजा फिनलंडात घुसल्या आणि हा कोल्ला नदीच्या आघाडीवर गेला. थंडी उणे 40 अंशांपर्यंत. शंभर दिवसांच्या आत त्याच्या नावावर पाचशेहून जास्त शत्रुसैनिक लागले. पण आकडा सोडा, मला गुंतवले ते त्याच्या पद्धतीने. रायफलवर दुर्बीण लावायचीच नाही! दुर्बीण लावली की नेम धरताना डोके जरा वर काढावे लागते, थंडीत काच धुरकटते, आणि ऊन पडले की ती चमकून जागा उघडी करते. म्हणून साधी लोखंडी साइट. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तोंडात बर्फ धरायचा. गोळी सुटल्यावर बर्फाचा भुगा उडू नये म्हणून नळीसमोरचा बर्फ आधी दाबून घट्ट करायचा. लहानपणापासून शिकार केलेल्या माणसाचे हे शहाणपण, कुठल्या शाळेतले नाही.

6 मार्च 1940 ला जबड्यात गोळी लागली, चेहऱ्याची डावी बाजू उडाली. शुद्धीवर आला तो 13 मार्चला, युद्ध थांबले त्याच दिवशी. मग कुत्री पाळली, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारी केल्या आणि 2002 मध्ये 96 व्या वर्षी गेला. म्हातारपणी कुणीतरी पश्चात्तापाविषयी विचारले, तर म्हणे सांगितलेले काम जमेल तितके नीट केले. एवढेच.

अजून कोण कोण?

तेरेखोलचा_वारा

वाचनखूण साठवली. माझ्याकडून वासिली झाइत्सेव. उरल पर्वतातला मुलगा, आजोबांनी शिकार शिकवली. नौदलात कारकुनी करत होता, तिथून स्वतः मागून स्टालिनग्राडला गेला. 10 नोव्हेंबर ते 17 डिसेंबर 1942 या काळात त्याच्या नावावर 225 शत्रुसैनिक. त्याच्यावर सिनेमासुद्धा आला. जर्मनांनी त्याला मारायला बर्लिनहून खास मेजर पाठवला आणि दोघांचे कित्येक दिवस द्वंद्व चालले, हा भाग तर वाचताना अंगावर काटा येतो.

उगाच_शंका

तो मेजर जर्मन कागदपत्रांत कुठेच सापडत नाही हो. इतिहासकारांनी शोधून झाले. झाइत्सेव खरा, स्टालिनग्राड खरे, त्याने तरुण पोरांना नेमबाजी शिकवली तेही खरे. द्वंद्व मात्र प्रचारखात्याच्या भट्टीतून निघालेले दिसते. उद्ध्वस्त शहरात भुकेल्या शिपायांना वर्तमानपत्रात काहीतरी दिलासा हवा होता आणि तो दिला गेला.

एकूणच या आकड्यांकडे मी संशयाने बघतो. डिचोलीकर, हायहाचा आकडासुद्धा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा मिळेल. रणांगणावर पंचनामा करायला कोण बसलेला असतो?

निवृत्त_हवालदार

नमस्कार. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, सध्या पेडण्यात असतो. मी स्नायपर नव्हतो, पण बटालियनमधले स्नायपर जवळून पाहिलेत. दोन शब्द.

स्नायपर एकटा नसतो. दोघांची जोडी. एक रायफलवर, दुसरा स्पॉटिंग स्कोपवर. अंतर, वारा, गोळी कुठे पडली हे दुसरा सांगतो. बरेचदा जास्त अनुभवी माणूस हा दुसराच असतो. सिनेमात त्याला कुणी दाखवत नाही. मारल्याची नोंदही सहसा या दुसऱ्याने पाहिल्यावर होते. त्यामुळे सगळेच आकडे हवेतले असे म्हणू नये, पण सगळ्यांना एकच फूटपट्टीही लागत नाही.

दुसरे, गोळी मारणे हे कामाचे शेपूट. खरे काम बघणे. शत्रूचा सेंट्री, म्हणजे पहारेकरी, कधी बदलतो, पाणी कुठून आणतो, अफसर कोण वाटतो, नवी माती कुठे उकरली. हे सगळे वहीत लिहून मागे द्यायचे. अनेक दिवस असे जातात की ट्रिगरला बोट लागत नाही. आम्हाला रेंजवर उस्ताद ओरडायचे: शिस्त, साँस, ट्रिगर. शिस्त म्हणजे नेम. साँस म्हणजे अर्धा श्वास सोडून थांबणे. हे तीन जमले की बाकी वारा. आणि वारा कुणाच्या बापाचा नसतो. गवत, धूर, उन्हात थरथरणारी हवा बघून अंदाज बांधायचा. हजार मीटरवर साधी झुळूकसुद्धा गोळीला हात-दोन हात बाजूला नेते.

भाच्याला सांगा, मोबाइलवर वारा नसतो.

फोंड्याची_माई

हवालदारकाका, तुमचा प्रतिसाद मुलांना वाचून दाखवला. दोघेही गप्प झाली, आमच्याकडे हे क्वचित होते :)

सगळे बाप्येच येऊ लागलेत म्हणून मी ल्युदमिला पावलिचेन्कोचे नाव घालते. कीव विद्यापीठात इतिहास शिकणारी मुलगी. 1941 मध्ये जर्मनांनी हल्ला केला तेव्हा भरती व्हायला गेली, तर तिला नर्स हो म्हणाले. तिने नेमबाजीचे प्रमाणपत्र पुढे केले. ओडेसा आणि सेवास्तोपोल मिळून तिच्या नावावर 309. जून 1942 मध्ये जखमी झाली तशी तिला आघाडीवरून काढले आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवले, कारण सोव्हिएतांना अमेरिकेने युरोपात दुसरी आघाडी उघडायला हवी होती.

आणि अमेरिकी पत्रकारांनी काय विचारले असेल? तोंडाला पावडर लावून लढता का! युनिफॉर्मचा घोळ जरा जास्तच आहे, त्यात जाडी दिसता, असेही लिहिले. शिकागोच्या सभेत मग तिने सुनावले. वय पंचवीस, आणि 309 शत्रू मारून आले आहे. सभ्य गृहस्थहो, तुम्ही माझ्या पाठीमागे जरा जास्तच वेळ लपून राहिलात असे नाही वाटत? एलिनॉर रूझवेल्टशी तिची चांगली मैत्री झाली ती याच दौऱ्यात. युद्धानंतर राहिलेले शिक्षण पुरे केले.

उगाच_शंका, आता 309 वरही शंका काढा.

उगाच_शंका

काढली असती, पण माई, तुम्ही माझ्या पाठीमागे लागाल.

खरे तर तुमच्या प्रतिसादातली आकड्याची गोष्ट मला पटली. तो आकडा तिथे कामाला लावला आहे. ती तो सांगते ते फुशारकी म्हणून नाही, समोरच्याला लाज वाटावी म्हणून. उलट उदाहरण अमेरिकेच्या क्रिस काइलचे. इराकमधले 160 अधिकृत. पण नंतर त्याच्या पदकांची संख्या नोंदींशी जुळेना, आणि 2016 मध्ये अमेरिकी नौदलाने ती दुरुस्त करून कमी केली. माणूस शूर होता यात वाद नाही. तरी पदके वाढवून सांगायची गरज का पडावी?

डिचोलीकर

त्या मानाने कार्लोस हॅथकॉक वाचा. व्हिएतनाम, अमेरिकी मरीन, टोपीला पांढरे पीस. 93 अधिकृत. 1967 मध्ये ब्राउनिंग मशीनगनवर दुर्बीण बसवून त्याने 2500 यार्डांवर, म्हणजे सुमारे 2286 मीटरवर नेम मारला आणि तो विक्रम 2002 पर्यंत टिकला. (पुढे 2017 मध्ये कॅनडाच्या एका स्नायपरने मोसुलला 3540 मीटरचा विक्रम केला, तो 2023 पर्यंत टिकला. तेवढ्या अंतरात गोळीला काही सेकंद लागतात आणि पृथ्वीचे फिरणेसुद्धा हिशेबात धरावे लागते म्हणे.)

पण हॅथकॉकला त्याचे मोठे शौर्यपदक नेमबाजीसाठी मिळाले नाही. 1969 मध्ये त्याची गाडी सुरुंगावर गेली, पेटली. स्वतः भाजत असताना त्याने आतल्या सात जणांना बाहेर ओढले. सिल्व्हर स्टार मिळाला 1996 मध्ये, सत्तावीस वर्षांनी.

काणकोणचो_पावणो

धागा मस्त चाललाय, पण फिनलंड, रशिया, व्हिएतनाम करत सगळे जग फिरून झाले, आणि काणकोणहून तासाभरावर कारवार आहे तिथे कुणी थांबेना!

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, जन्म 1918. आपल्याच बाजूचे, कोंकणी मराठा. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे सुरुंग काढणारे, रस्ते-पूल बांधणारे फौजी इंजिनिअर. परमवीरचक्र जिवंतपणी स्वीकारणाऱ्या पहिल्या मोजक्यांपैकी एक. कारवारच्या समुद्रकिनाऱ्याजवळ पुतळा आहे, शेजारी ती युद्धनौका ठेवली आहे. आमच्याकडची माणसे तिथे फोटो काढून मासळी घेऊन परत येतात, पुतळा कुणाचा ते निम्म्यांना ठाऊक नसते.

काम काय केले? एप्रिल 1948, जम्मूतला नौशेरा ते राजौरी रस्ता. राजौरीत लोकांची कत्तल चालली होती, रणगाडे तिथे वेळेत पोचायला हवे होते. रस्त्यात सुरुंग पेरलेले, चीडचे मोठमोठे वृक्ष आडवे टाकलेले, मोऱ्या उडवलेल्या, आणि वर डोंगरातून मशीनगन. 8 एप्रिलला सुरुवातीलाच उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे ठार, पाच जखमी; जखमींत राणे स्वतः. तरी माणूस मागे गेला नाही. 11 एप्रिलपर्यंत, दिवसरात्र, सुरुंग काढणे, झाडे सुरुंगाने उडवणे, उडालेल्या मोरीला वळसा घालून रस्ता करणे. त्यांच्याविषयी सांगतात की गोळीबार फार झाला तेव्हा ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि रणगाड्याबरोबर सरपटत पुढे गेले, ड्रायव्हरला दोरी ओढून खुणा करत. थांब, चल, थांब.

यात त्यांनी एकही माणूस मारल्याची नोंद नाही. भाच्याला हे वाचायला द्या.

निवृत्त_हवालदार

पावणेबाब, जियो. सॅपरला कुणी विचारत नाही. इन्फंट्रीवाला पुढे गेला म्हणतात, पण त्याच्या पुढे सॅपर गेलेला असतो.

स्नायपरचा विषय आहे तर आमच्या पलटणीची गोष्ट उलट्या बाजूने सांगतो. नायक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातले पळसगाव. गोव्याहून मुंबईला बसने जाताना माणगाव लागते, तिथे त्यांचा पुतळा आहे. 3/5 मराठा, म्हणजे 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. 10 जुलै 1944, इटली, टायबर नदीचे खोरे. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुटली आणि सेक्शन कमांडर घाडगे सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. एकटा माणूस. त्यांनी धावत जाऊन बाँब टाकला, मशीनगन आणि तिच्यावरचा गडी संपवला. टॉमीगनने आणखी एकाला. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. चौकी घेतली. आणि तिथेच शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून पडले. वय 22 च्या आसपास. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर.

त्या स्नायपरचे नाव कुणाला माहीत नाही. त्याच्याही वहीत त्या दिवशी एक आकडा वाढला असेल. म्हणून आकड्यांची गोष्ट निघाली की मला जरा वेगळे वाटते.

इटलीतच पुढच्या वर्षी, 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी: शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. दोन जखमींना पाण्यातून, मग सुरुंगांच्या पट्ट्यातून, एकेकाला पाठीवर घेऊन मागे नेले. मग परत जाऊन एकट्याने तीन मशीनगन चौक्या बंद केल्या. हाताला गोळी लागून बंदूक धरता येईना तर बाँबने. शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि बाकीच्यांना हाक मारली. ते जगले, 1984 मध्ये वारले.

तेरेखोलचा_वारा

हवालदारसाहेब, मग 1962 च्या चीन युद्धातल्या जसवंतसिंह रावतांबद्दल तुमचे मत काय? 72 तास एकट्याने लढले, 300 चिनी मारले म्हणतात, ते खरे?

उगाच_शंका

महावीरचक्राच्या मूळ प्रशस्तीत 72 तास नाहीत. 17 नोव्हेंबर 1962, अरुणाचलातले नुरानांग. 4 गढवाल रायफल्सचे तिघे, रावत, त्रिलोकसिंह नेगी आणि गोपालसिंह गुसाईं, चिनी मशीनगन काढून आणायला सरपटत गेले, ती आणलीही. परतताना रावत आणि नेगी गेले, गुसाईं जखमी होऊन परतले. एकट्याने तीन दिवस लढणे, मदतीला आलेल्या दोन मुली वगैरे नंतर चिकटले. आणि दंतकथेत हरवतो कोण? नेगी आणि गुसाईं. माझा राग त्यावर आहे.

निवृत्त_हवालदार

कागद तुमचा बरोबर. पण मी जसवंतगडला, त्यांच्या स्मारकावर, गेलोय. तिथे त्यांच्यासाठी चहा ठेवतात, अंथरूण घालतात, बूट पॉलिश करतात. त्या रस्त्याने जाणारी प्रत्येक फौजी गाडी थांबते, जनरलचीसुद्धा. तिथे उभे राहून प्रशस्ती वाचून दाखवायची माझी तरी छाती नाही. एवढ्या उंचीवर रात्री सेंट्री ड्यूटीला उभ्या पोराला कुणीतरी आपल्या आधी इथे उभे होते असे वाटावे लागते.

उगाच_शंका

ते मान्य. देवळात ती कथा राहू दे, पुस्तकात नको. लडाखमधली रेझांगला खिंड घ्या, 18 नोव्हेंबर 1962. मेजर शैतानसिंह आणि 13 कुमाऊंची चार्ली कंपनी. तिथे काही चिकटवायची गरजच पडली नाही. फेब्रुवारी 1963 मध्ये बर्फात मोर्च्यांतली प्रेते सापडली, हातात हत्यारे तशीच. सुमारे 120 पैकी 114 गेले होते. त्या वेळी वाचलेल्यांनी हे सांगितले तेव्हा अनेकांनी विश्वास ठेवला नव्हता. पुरावा बर्फाने जपला.

फोंड्याची_माई

आता गोव्याकडे या बघू. 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, आपण झेंडा लावतो आणि जेवून झोपतो.

1961 मध्ये गोवा घ्यायला आलेली 17 इन्फंट्री डिव्हिजन मेजर जनरल कँडेथ यांच्याकडे, आणि 50 पॅरा ब्रिगेड, म्हणजे छत्रीसैनिक, ब्रिगेडियर सगतसिंह यांच्याकडे. खरे तर पॅरा ब्रिगेडचे काम दुय्यम ठरले होते, पण सगतसिंहांची माणसे इतक्या वेगाने आली की पणजी त्यांनीच गाठली. त्यातली 2 पॅरा ही मराठ्यांची पलटण, ती उसगावमार्गे आमच्या फोंड्याला आली. माघार घेताना पोर्तुगीजांनी पूल उडवले. आमच्या सासूबाई तेव्हा लहान होत्या. त्या आवाजाने गोठ्यातली म्हैस दावे तोडून पळाली आणि मुक्तीच्या दिवशी घरचे सगळे म्हैस शोधत होते, एवढीच त्यांची आठवण!

पण आग्वाद विसरू नका. मेजर शिवदेवसिंह सिधू, 7 कॅव्हलरी. आग्वादच्या तुरुंगातल्या स्वातंत्र्यसैनिकांना सोडवायला किल्ल्यावर गेले आणि तिथल्या गोळीबारात ते आणि कॅप्टन विनोद सहगल गेले. गोवा हातात आलेला होता. आज तिथे संग्रहालय आहे, लोक सूर्यास्त बघायला जातात.

काणकोणचो_पावणो

आणि अंजदीव. बेट आमच्या काणकोण तालुक्याचे, दिसते कारवारहून. 18 डिसेंबरला त्रिशूल या युद्धनौकेवरून नौसैनिक उतरले, भारतीय नौदलाच्या म्हणण्यानुसार आधी पांढरे निशाण दिसले आणि मग गोळीबार झाला. सात जण गेले. हवाई बाजू पाहणारे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो हे मूळ गोंयकार घराण्यातले, हेही कितीजणांना ठाऊक आहे?

डिचोलीकर

पलीकडच्या बाजूचे घालू का? शिव्या खायची तयारी आहे.

अफोन्सो द आल्बुकेर्क ही पोर्तुगीज युद्धनौका, 1930 च्या दशकातली, म्हणजे तेव्हाच म्हातारी. 18 डिसेंबरला बेटवा आणि बियास या आपल्या आधुनिक फ्रिगेट समोर आल्या. कॅप्टन आरागांव यांना निकाल ठाऊक होता, तरी लढले, गंभीर जखमी झाले, जहाज किनाऱ्यावर चढवले. नंतर बेटवाचे कप्तान कमांडर गांधी त्यांना हॉस्पिटलात भेटायला गेले.

आणि गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता की शरणागती नाही. सैनिक आणि खलाशी एक तर विजयी, नाही तर मृत. समोर दहापट फौज. त्यांनी 19 तारखेला शरणागती पत्करली. जुनी चर्चे, पणजीतल्या इमारती, तीनेक हजार सैनिक आणि किती गोंयकार वाचले. पोर्तुगालने त्यांना 1963 मध्ये लष्करातून काढून टाकले, 1974 च्या क्रांतीनंतर परत घेतले. हुकूम मोडायला जे लागते त्याला तुम्ही शौर्य म्हणाल की नाही?

तेरेखोलचा_वारा

नाही म्हणणार. साडेचारशे वर्षे राज्य केले, आंदोलकांवर गोळ्या घातल्या, त्यांना लढायची ताकद नव्हती म्हणून शरण आले. त्यात शौर्य कसले? 1955 मध्ये सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या तेव्हा कुणी हुकूम मोडला होता?

निवृत्त_हवालदार

दोघांचेही ऐकले. फौजी म्हणून सांगतो, आरागांव समजतो मला. वासालोचा निर्णय मला घ्यावा लागला नाही हे माझे नशीब. पण त्याच्या हाताखालच्या शिपायाला विचारले असते, तर त्याने डिचोलीकरांना मत दिले असते.

फोंड्याची_माई

तेरेखोल, तुमच्या बाजूचे एक नाव देते. मोहन रानडे. सांगलीचे, आमच्या सावईवेऱ्यात मराठीचे मास्तर म्हणून आले आणि पोर्तुगीजांशी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरले. 1955 मध्ये बेती पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. लिस्बनजवळ काशियसच्या तुरुंगात. गोवा 1961 ला मोकळा झाला, हे सुटले जानेवारी 1969 मध्ये! त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके झटत होते. वर्दी नव्हती, पेन्शन नव्हते, युद्धकैद्याचे हक्क नव्हते. सैनिक म्हणायचे की नाही?

तेरेखोलचा_वारा

माई, हे काय विचारणे झाले? म्हणायचेच.

उगाच_शंका

मग व्याख्या बदला आणि पोर्तुगीजांविरुद्ध बंड करणारे सत्तरीचे राणेही घ्या. 1852 मध्ये नाणूसचा किल्ला घेणारे दिपाजी राणे, नंतरचे कुष्टोबा. रानातून, मोजक्या माणसांनिशी, वाटा आपल्या, रसद गावाची. हायहाला बर्फ होता, यांना सत्तरीचे रान. आणि इथे दंतकथा वेगळ्या काढायला मला भरपूर काम मिळेल.

डिचोलीकर

त्यासाठी वेगळा धागा हवा. वाळपईचे कुणी वाचत असेल तर काढा, कुष्टोबाची गाणी घरात कुणाला येत असतील तर तीही द्या. भाच्याने राणे आणि घाडगे वाचून काढले. आता हवालदारकाकांना त्याचा प्रश्न आहे: सॅपर्समध्ये जायचे तर बारावीला गणित किती लागते?

निवृत्त_हवालदार

एनडीएतून जायचे तर लेखी परीक्षेत गणिताचा आख्खा पेपर असतो, त्यात सुटका नाही. पुढे इंजिनिअर्समध्ये गेला तर पूल आणि स्फोटके दोन्ही हिशेबावरच चालतात. त्याला म्हणावे आधी त्रिकोणमिती पक्की कर. आणि रोज पहाटे पळायला लाव, पावसातसुद्धा.